कामगाराला बरा न होणारा आजार झाला तर मालकाने काय करावं? (सल्ला हवा आहे)

शिरोलीवाला
कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून पुढे पाठवतो. ऑफिस धरून २४ माणसं. त्यातला आमचा सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारा), वय ४२, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहे. दिवाळीपासून पोट दुखायचं, वजन उतरत गेलं. आता निदान झालंय, स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. परळला टाटात दाखवून आले. ऑपरेशन होण्यासारखं नाही, केमो देऊन बघू, असं तिथे सांगितलं.

परवा त्याचा थोरला भाऊ ऑफिसात आला. म्हणाला, त्याला फक्त 'सूज आहे' एवढंच माहीत आहे, तुम्हीही काही बोलू नका. दुसरं म्हणजे त्याचा राजीनामा घ्या आणि फंड मोकळा करा, उपचाराला पैसे लागतायत. राजीनामा लिहूनच आणला होता, सही तेवढी राहिली होती.

'बघतो' म्हणून कागद ठेवून घेतलाय. ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, कारण पगार २१,००० च्या वर आहे. पीएफ आहे. गडी अजून कामावर येतोय, दोन दिवस येतो, एक दिवस दांडी. मोठ्या कंपन्यांची धोरणं मला पेलणार नाहीत. चोवीस माणसांच्या शॉपला काय जमेल ते सांगा.

टग्या_सातारी
राजीनामा घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

फंडवाले_काका
वरच्याला जोरदार अनुमोदन. तीस वर्षं पीएफची कामं करतोय, ही चूक घरोघरी बघतो.

पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो. कामगाराच्या खिशातून त्यासाठी काही जात नाही, वर्गणी मालक भरतो, म्हणून कामगाराला त्याचा पत्ताच नसतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला कमीत कमी अडीच लाख आणि जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. हिशोब असा: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराची ३५ पट (पगार १५,००० पर्यंतच धरतात), अधिक फंडातल्या सरासरी शिलकीच्या निम्मे, तेही पावणेदोन लाखांपर्यंत. तुमच्या जुन्या माणसाचे जवळपास पूर्ण सात बसतील. आज राजीनामा दिला आणि काही महिन्यांनी वाईट घडलं, तर हे सात लाख गेले. म्हणजे भाऊ फंडाचे पैसे सोडवायला निघालाय आणि त्यात भावजयीचे पैसे बुडवतोय.

उपचाराला पैसे हवे असतील तर राजीनाम्याची गरजच नाही. आजारपणासाठी नोकरीत राहूनच फंडातून रक्कम काढता येते, कॅन्सर त्यात बसतो. ऑनलाइन अर्ज होतो.

अजून एक. दांड्या वाढल्या की तुमचा अकाउंटंट महिनाभर शून्य पगार लावेल, पुढच्या महिन्यातही शून्य लावेल. तसं होऊ देऊ नका. चार-सहा दिवस का होईना, हजेरी किंवा शिल्लक रजा लावून वर्गणी भरत राहा. नुसतं मस्टरवर नाव आहे आणि वर्गणी कित्येक महिने थांबलेली आहे, अशा केसमध्ये ईडीएलआयचा दावा अडकतो.

इचलकरंजीकर
काका, पेन्शनचं पण सांगा की.

फंडवाले_काका
हो, राहिलंच. विधवा पेन्शन आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के. रक्कम फार मोठी नसते, पण दर महिन्याला येते. ग्रॅच्युइटी तुम्हाला द्यावीच लागेल, ती त्याच्या सेवेच्या वर्षांप्रमाणे, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार (महिन्याचा पगार २६ ने भागून दिवसाचा काढायचा). बाकी वाचकांसाठी: ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते, ती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर लागू नाही. तीन वर्षं झालेल्या कामगाराच्या घरच्यांना 'पाच पूर्ण नाहीत' म्हणून परत पाठवणारे मालक मी बघितलेत.

व्यवहारी
सगळे भावनेच्या भरात लिहिणार हे दिसतंच आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझंही भोसरीला युनिट आहे. चोवीस माणसांच्या शॉपमध्ये सेटर म्हणजे अख्खी शिफ्ट. तो दर तिसऱ्या दिवशी दांडी मारतो म्हणजे त्या दिवशी तीन मशीन उभ्या. नवा सेटर घ्यायचा तर त्याचाही पगार. वर बँकेचा हप्ता आहे, गिऱ्हाईकाचा दंड आहे. मदत करा, पण 'काळजी करू नको, आम्ही आहोत' असं मोघम बोलू नका. किती महिने पूर्ण पगार, किती महिने अर्धा, हे आधी कागदावर ठरवा. नाहीतर सहाव्या महिन्यात तुम्ही हात आखडता घ्याल आणि तेव्हा ते जास्त लागेल.

आंबट_चिंच
@व्यवहारी, 'तीन मशीन उभ्या' वाचून अंगावर काटा आला. माणूस मरतोय आणि तुम्हाला स्पिंडलची पडली आहे.

व्यवहारी
बाकीच्या तेवीस जणांचा पगार त्या स्पिंडलमधूनच निघतो, ताई.

आयटीतली_एचआर
मला व्यवहारी यांचं बरंचसं पटतं. आमच्याकडे हिंजवडीत सगळं धोरणात लिहिलेलं आहे: ग्रुप मेडिक्लेमच्या वर जादा 'बफर' (विम्याची राखीव रक्कम), घरून काम, सहकाऱ्यांनी आपली रजा दान करायची सोय. तरी गेल्या वर्षी एका केसमध्ये आम्ही घोळ घातलाच. धोरण होतं, पण मॅनेजरला ते माहीत नव्हतं. केमोच्या आठवड्यात त्या मुलीला 'तुझं टीम्सवर पिवळं का दिसतं' (म्हणजे ऑफिसच्या चॅटवर जागेवर नाहीस असं) विचारणारा मेसेज गेला होता.

शिरोलीवाला, पैशाशिवायची एक गोष्ट: त्याने कोणाकोणाशी बोलायचं हे एकच माणूस ठरवा. रजेसाठी सुपरवायझर, पगारासाठी अकाउंटंट, क्लेमसाठी एजंट अशा चार दारांत त्याला उभं करू नका. तुमच्या शॉपमध्ये तुम्हीच असाल तर फारच उत्तम.

तुमचा ग्रुप मेडिक्लेम आहे का? नोकरी सुटली की तोही सहसा संपतो. आणि आता बाहेर नवी पॉलिसी त्याला मिळणं फार अवघड आहे.

शिरोलीवाला
मेडिक्लेम आहे, पण घरटी दोन लाखांचाच. गेल्या वर्षी हप्ता वाढला म्हणून कमी केला होता.

मुक्काम_पोस्ट_लातूर
दोन लाख केमोच्या तिसऱ्या सायकलला संपतील. महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि केशरी-पिवळ्या कार्डाची जुनी अटही राहिलेली नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे जा. टाटाला येऊन-जाऊन उपचार असतील तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर समिती ही दोन नावं लिहून ठेवा. लॉजवर पैसे घालवू नका.

रेवती_लीड्स
इथे ब्रिटनमध्ये टीयूसी या कामगार संघटनांच्या महासंघाने 'डाइंग टू वर्क' नावाची सनद काढली आहे. डर्बीशायरच्या एका बाईंना स्तनाचा कॅन्सर पसरल्यावर कंपनीने कामावरून बाजूला करायचा प्रयत्न केला, त्यातून ही मोहीम उभी राहिली. कंपनी सही करते ती एवढ्यासाठी की बरा न होणारा आजार झाला म्हणून आम्ही कोणाला काढणार नाही, काम करायचं की थांबायचं हे त्या माणसाने ठरवायचं. त्यामागचं कारण फंडवाले काकांनी सांगितलं तेच: नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना मोठी रक्कम मिळते, आधीच काढलं तर ती जाते. शिवाय २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे कॅन्सरचं निदान झाल्या दिवसापासून त्या व्यक्तीला अपंगत्वाचं संरक्षण मिळतं.

वकीलसाहेब
आपल्याकडे उलटं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यात कॅन्सर नाही. आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, हे कलम २०(४) फक्त सरकारी आस्थापनांना लागू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर सततच्या आजारपणामुळे कमी केलं तर ती 'कपात'च नव्हे, असं लिहिलेलं होतं. म्हणजे खासगी कामगाराचं सगळं मालकाच्या मनावर.

पण धागाकर्त्याला मला वेगळंच सांगायचंय. ज्याला स्वतःचा आजार माहीत नाही, त्याच्याकडून राजीनाम्यावर सही घ्यायची? तो कशावर सही करतोय हे त्याला कळतंय का? उद्या त्याच्या बायकोने विचारलं की सात लाख का बुडवले, तर भाऊ म्हणेल मालकाने घेतला. तो कागद फाडू नका, भावाला परत द्या.

मास्तर_झेडपी
आम्हा सरकारी लोकांचं बरं म्हणायचं. अर्धपगारी रजा, परावर्तित रजा, असाधारण रजा, कॅन्सर-क्षयासाठी विशेष रजा. सेवेत मृत्यू झाला तर अनुकंपाची यादी. पण वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल पास व्हायला इतका वेळ लागतो की आमच्या एका सहकाऱ्याचं बिल त्याच्या तेराव्यानंतर मंजूर झालं. सही कोणाची घ्यायची यावर पुन्हा पत्रव्यवहार.

टग्या_सातारी
मास्तर, त्या पत्रव्यवहाराला आवक-जावक क्रमांक पडला का?

मास्तर_झेडपी
पडला. दोनदा.

नर्सताई
पुण्यात पॅलिएटिव्ह वॉर्डात (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा) काम करते. भावाने सांगितलेल्या पहिल्या गोष्टीबद्दल फारसं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

'त्याला माहीत नाही' हे वाक्य मी रोज ऐकते. मग खोलीत जाते तर पेशंट विचारतो, 'सिस्टर, घरच्यांना सांगू नका, पण अजून किती दिवस?' अहो, परळला टाटात सूज दाखवायला कोण जातं? शेजारच्या बाकावरच्या माणसाला काय झालंय ते त्याला दिसतं. त्याला शंभर टक्के माहीत आहे असं मी म्हणणार नाही, पण मालकाने भावाच्या खेळात सामील होऊ नये. आणि मालकाने स्वतः जाऊन बातमीही फोडू नये, ते डॉक्टरचं आणि घरच्यांचं काम आहे.

यात मधला रस्ता आहे. आजाराचं नाव न घेता कामाबद्दल विचारता येतं. 'तुला कामावर यायचंय का? कोणत्या वेळी बरं वाटतं? काय झेपतं, काय नको?' एवढंच. तो जे बोलेल ते ऐका. त्याने स्वतःहून आजाराचा विषय काढला तर 'छे छे, काही होत नाही तुला' असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. आणि भावाला सांगा की मी स्वतःहून काही बोलणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

कामाच्या बाजूने: दुखण्यासाठी पुढे मॉर्फिन सुरू होईल. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या बदलानंतर ते मिळणं थोडं सोपं झालंय, ते घ्यायला घाबरू देऊ नका. पण सुरुवातीला आणि डोस वाढला की गुंगी येते. त्या काळात चालू मशीनजवळ उभं करू नका, जड व्हाइस-फिक्स्चर उचलायला लावू नका, दुचाकीवरून एकट्याला घरी पाठवू नका. आणि पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटच्या आठवड्यातली गोष्ट असं समजू नका. केमो चालू असतानाच त्यांना भेटा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, १९९७ पासून, तिथे पैसे घेत नाहीत. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना आहे, गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे.

आंबट_चिंच
_/\_ नर्सताई.

गोधडी
बरेच दिवस वाचनमात्र होते. मीही त्याच रांगेत आहे, हाडांत पसरलेला आहे, चौथी स्टेज. एका सहकारी बँकेत काउंटरमागे काम करते. नोकरी का सोडत नाही, असं सगळे विचारतात. घरी बसले तर दिवसभर 'पाणी आणू का' ऐकावं लागतं. बँकेत निदान तिजोरीच्या किल्ल्यांवरून भांडता येतं.

कशाने बरं वाटलं ते सांगते. साहेबांनी मला कॅशवरून काढून चेकच्या क्लिअरिंगला बसवलं, पण विचारून. केमोनंतरचा तिसरा-चौथा दिवस सगळ्यात वाईट जातो, त्या दिवशी सुट्टी आधीच टाकून ठेवतात, मला फोन करून विचारावं लागत नाही. स्वच्छतागृहाजवळचं टेबल दिलं. आणि चूक झाली की अजूनही ओरडतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे हो. ज्या दिवशी ओरडणं थांबेल त्या दिवशी मी समजेन की माझी फाइल बंद झाली.

कशाने त्रास झाला: माझा फोटो टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गणीचं आवाहन. न विचारता. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर पोचलं ते. आणि गव्हांकुर, गोमूत्र, पपईच्या पानांचा रस. माझ्या ड्रॉवरमध्ये आता पासबुकांपेक्षा बाटल्या जास्त आहेत.

इचलकरंजीकर
गोधडी ताई, तुमच्या साहेबांना आमचा रामराम सांगा.

शिरोलीवाला, एक इचारतो. पतसंस्थेचं कर्ज आहे का त्याच्यावर? जामीन कोण? आमच्याकडं एका कारखान्यात असंच झालं. आजारी गड्याला कोण भेटायला जाईना. मालकाला वाटलं पोरं निर्दयी. खरी गोष्ट अशी की दोघं त्याला जामीन होते, आणि तो गेला तर हप्ता आपल्या पगारातून कापणार म्हणून दोघंबी लांब पळत होती. लाज बी वाटत होती, भीती बी. पतसंस्थेच्या कर्जाला विमा हाय का ते आधी बघा. नसंल तर ग्रॅच्युइटीतनं वळता करायचं का, हे त्याच्याच तोंडून ठरू द्या, मागनं बायकोच्या डोक्यावर नको.

शिरोलीवाला
आहे. कामगार पतसंस्थेचं, घरावर स्लॅब टाकायला घेतलेलं. जामीन आमचेच दोन ऑपरेटर. आणि त्यातला एक जण गेले पंधरा दिवस त्याच्या मशीनकडे फिरकत नाही, हे आत्ता तुम्ही लिहिल्यावर डोक्यात आलं.

व्यवहारी
बघा. हे असं सगळं एका कागदावर लिहून काढा: कर्ज, जामीन, मेडिक्लेमची शिल्लक, फंड, ग्रॅच्युइटी, किती महिने किती पगार. माझ्यावर दगड मारणाऱ्यांनी हेही वाचावं.

जाता जाता, सेटरला पूर्ण काढून घेऊ नका. त्याचं डोकं शाबूत आहे. खुर्ची टाकून बसवा, दोन पोरांना सेटिंग शिकवू दे, पहिला जॉब तपासून पास करायचं काम द्या. तुमच्या मशीनही चालतील.

आंबट_चिंच
@व्यवहारी, दगड मागे घेते. अर्धा.

कोल्ड_कॉफी
शिकवायला बसवा हे वाचायला छान वाटतं, पण विचारलं का त्याला? आमच्या वडिलांना कंपनीने 'सन्मानाने' ट्रेनिंग विभागात बसवलं होतं. त्यांना ते शिक्षा वाटली. दुपारी घरी यायचे आणि म्हणायचे, मला शोकेसमध्ये ठेवलंय.

रेवती_लीड्स
+१. आणि मत बदलायची मुभा पण असू दे. या महिन्यात काम हवं वाटेल, पुढच्या महिन्यात नको वाटेल.

डॉलर_दादा_एनजे
अमेरिकेत एफएमएलए या रजेच्या कायद्याखाली १२ आठवडे रजा मिळते, बिनपगारी. तीही ५० किंवा जास्त माणसांच्या कंपनीत, वर्ष पूर्ण झालं असेल तर. आणि विमा नोकरीला चिकटलेला, त्यामुळे केमो घेत घेत लॉगिन करणारे लोक इथे भरपूर दिसतात. तेव्हा 'परदेशात सगळं छान' असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाका.

मुक्काम_पोस्ट_लातूर
दादा, असा समज कोणी मांडलाच नव्हता. :)

ईएसआयवाली
अवांतर होईल, पण ज्यांच्या कामगारांचा पगार २१,००० च्या आत आहे त्यांनी वाचावं. ईएसआयमध्ये नेहमीच्या आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. पण ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे, कॅन्सर त्यात आहे, त्यासाठी ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. दोन वर्षं नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. हा 'वाढीव आजार लाभ' मागणारे कामगार मी फार थोडे बघितलेत, कारण त्यांना कोणी सांगतच नाही. मालकाने सांगावं, एवढं तर फुकट आहे.

शिरोलीवाला
सगळ्यांचे आभार. काल भावाला कागद परत दिला. आधी चिडला, 'तुम्हाला फंड द्यायचा नाही' म्हणाला. काकांचा सात लाखांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा गप्प बसला. खोटं बोलणार नाही हेही नर्सताईंनी सांगितलं तसं सांगितलं. ते त्याला आवडलेलं नाही.

आज सेटरशी बोललो. फक्त कामाबद्दल. आजाराचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. पहिली शिफ्ट हवी म्हणाला, दुपारनंतर उभं राहवत नाही. ऑफिसात बसवू नका म्हणाला, 'पोरं येऊन बघून जातील'. मशीनजवळच स्टूल ठेवायचं ठरलं, उचलायचं काम हेल्पर करेल. तीन महिने पूर्ण पगार, मग पुन्हा बसून बोलू, असं मी सांगितलं आणि लिहूनही दिलं. व्यवहारी, हे तुमचं. जामीनदार पोरांशी उद्या बोलणार आहे, पतसंस्थेत विम्याचं विचारून.

काका, एक अडचण. फंडाचं नामनिर्देशन बघितलं तर लग्नाआधीचं, आईच्या नावावर. आई वारली. बायकोचं नाव कुठेच नाही.

फंडवाले_काका
लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्न झालं की तसंही बाद होतं. पण नवं केलेलं नसेल तर मागून वारस दाखल्यासाठी बाईला तहसील-कोर्टाचे हेलपाटे. आताच करून घ्या. ऑनलाइन होतं, सदस्य पोर्टलवर ई-नॉमिनेशन. त्याचा यूएएन (पीएफचा सदस्य क्रमांक) चालू हवा, बायको-मुलांचे आधार आणि बायकोचा फोटो लागेल, शेवटी आधारच्या मोबाइलवर ओटीपी येतो. ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनाचा फॉर्म वेगळा, तो तुमच्याकडे कागदावर भरून घ्या. आणि फंडातलं नाव, आधारवरचं नाव, बँकेतलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय का ते बघा.

शिरोलीवाला
आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलाय म्हणे, जुना होता.

फंडवाले_काका
मग आधी आधार केंद्र. त्याला स्वतःला जावं लागेल, अंगठा लागतो. केमोच्या आठवड्यात नको, त्याच्या आधी गाडीतून घेऊन जा. सकाळी लवकर, टोकन संपायच्या आत.